लॉकअप लागत नाही? गिअरबॉक्स उतरवण्याआधी एवढं बघा

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या मानेवाड्याची गाडी, २००८ ची पेट्रोल सेडान, चार गिअरची ऑटोमॅटिक, १ लाख ३० हजार किलोमीटर झालेली. समृद्धीवरून शिर्डीला जाताना १०० च्या वेगाला पूर्वी आरपीएमचा काटा २७०० वर असायचा, आता ३००० च्या वर राहतो. अ‍ॅव्हरेज १३ वरून साडेदहावर आलं. त्याआधी दोनेक महिने सत्तरच्या आसपास गाडी थरथरायची, आता ती थरथर बंद आहे. गॅरेजवाल्यानं एक चक्कर मारून निकाल दिला: टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला ऑइलचा जोड) गेला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तेव्हा खर्च करायचा, की गाडीच विकायची?

विकू नका भाऊ, आणि इतक्यात गिअरबॉक्सही उतरवू देऊ नका. कन्व्हर्टर गेलेला असू शकतो, पण एका चकरेत ते कुणालाच कळत नाही. मलाही कळत नाही, आणि मी वीस वर्षांहून जास्त याच गिअरबॉक्समध्ये हात काळे केले आहेत.

आधी लॉकअप म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. कन्व्हर्टरमध्ये समोरासमोर दोन पंखे असतात. इंजिनकडचा पंखा ऑइल फेकतो, त्या मारानं गिअरबॉक्सकडचा फिरतो. मधला तिसरा, स्टेटर, परत येणारं ऑइल वळवून देतो, म्हणून जागेवरून उठताना जोर जवळपास दुप्पट मिळतो. पण दोघांच्या मध्ये नुसतं ऑइल. त्यामुळे मागचा पंखा पुढच्याच्या थोडा मागेच राहणार. सीताबर्डीच्या गर्दीत हे चालून जातं. हायवेवर तासन्‌तास तो फरक म्हणजे फुकट जाणारं पेट्रोल आणि ऑइलमध्ये साठणारी उष्णता. म्हणून कन्व्हर्टरच्या आतच एक क्लच प्लेट दिलेली असते. ठरावीक वेगावर कॉम्प्युटर ती पकडवतो आणि इंजिन-गिअरबॉक्स सरळ जोडले जातात. काटा त्या वेळी साधारण २०० ते ४०० नं खाली येतो. तुमचे हरवलेले ३०० आरपीएम ते हेच.

माझ्याकडे येणारी मंडळी सांगतात, “काका, पहिले पाच गिअर पडत होते, आता चारच पडतात. गाडी आवाज तं लय करते, पन पळत नाही.” गाडी चारच गिअरची असते. पाचवा म्हणजे हे लॉकअप. त्यांची मोजणी बरोबर असते, नाव तेवढं चुकतं.

जाता जाता एक: हे सगळं टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीसाठी आहे. जुन्या होंडा सिटी झेडएक्सच्या सीव्हीटीत, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये, कन्व्हर्टरच नाही, तिथे ऑइलमध्ये बुडालेला स्टार्ट क्लच असतो. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स आणि साधाच क्लच, फक्त हात-पाय मशीनचे. या गाड्यांचे मालकही “माझा कन्व्हर्टर बघा” म्हणत येतात. असो.

लॉकअप ही कॉम्प्युटरनं दिलेली परवानगी आहे. इंजिन गरम झालंय का, वेग पुरेसा आहे का, अ‍ॅक्सिलरेटर स्थिर आहे का, ब्रेकवर पाय तर नाही ना, एवढं सगळं जुळलं तरच तो सोलेनॉइडला, म्हणजे ऑइलची वाट उघडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हला, वीज देतो. त्यामुळे शोधायची पहिली गोष्ट एकच: कॉम्प्युटर लॉकअप मागतोय आणि मिळत नाही, की तो मागतच नाही? मागतच नसेल तर गिअरबॉक्स उतरवून काय सापडणार? दोष बाहेर आहे आणि बहुतेक वेळा स्वस्त आहे.

एका सकाळी लवकर निघा. वाडी सोडून अमरावती रोडनं बाजारगावापर्यंत गेलात तरी गाडी नीट गरम होते. समृद्धीवर हे प्रयोग करू नका, मागून १२० नं गाड्या येत असतात. शेजारी कुणाला तरी बसवा, काटा त्यानं वाचायचा. सपाट रस्ता, चौथा गिअर, ८० चा वेग, अ‍ॅक्सिलरेटर अगदी स्थिर. मागे कुणी नाही हे बघून डाव्या पायानं ब्रेकला नुसता स्पर्श करा. मागचा दिवा लागेल एवढाच, गाडीचा वेग कमी होता कामा नये. लॉकअप लागलेलं असेल तर त्या क्षणी ते सुटतं आणि काटा २०० ते ४०० नं वर उडतो. पाय काढल्यावर थोड्या सेकंदांनी पुन्हा खाली बसतो. काटा हललाच नाही तर लॉकअप मुळात लागलेलंच नव्हतं. तुमच्या गाडीत बहुधा हेच दिसेल. दुसरी खूण अ‍ॅक्सिलरेटरची. थोडासा दाबल्यावर काटा आधी उडी मारतो आणि गाडी मागून येते, म्हणजे मध्ये ऑइलच आहे. काटा आणि वेग हातात हात घालून चढले, तर लॉक आहे.

आता स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड आणि आकडे वाचणारं यंत्र. चेक इंजिनचा दिवा लागला नाही म्हणून कोड नाही असं धरू नका. आणि फोनला जोडायचा स्वस्तातला स्कॅनर पुष्कळदा फक्त इंजिन वाचतो, गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचतच नाही. गाडीच्या कंपनीला चालणारा स्कॅनर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा. पी०७४३ आला तर ती विजेची तक्रार आहे: वायर, कनेक्टर किंवा सोलेनॉइडची गुंडाळी. पी०७४१ म्हणजे कॉम्प्युटरनं मागितलं, पण पकड मिळाली नाही. पी०७४२ म्हणजे लॉक सुटतच नाही. पी०७४० सर्वसाधारण, त्यावरून काही ठरवू नका. पण कोडपेक्षा मला चालत्या गाडीतले दोन आकडे महत्त्वाचे वाटतात. कॉम्प्युटर सोलेनॉइडला किती टक्के हुकूम देतोय, आणि इंजिन व टर्बाइन (गिअरबॉक्सकडचा पंखा) यांच्या फेऱ्यांत फरक किती आहे. हुकूम पूर्ण आणि फरक दहा-वीस आरपीएम, तर सगळं ठीक. हुकूम पूर्ण आणि फरक शंभर-दोनशेच्या वर, तर दोष गिअरबॉक्सच्या बाजूला. हुकूमच शून्य, तर बॉनेट आणि डॅशबोर्डखाली शोधा. काही गाड्या थरथर टाळायला मुद्दाम चाळीस-पन्नासचा फरक ठेवतात, त्याला घाबरू नका.

स्कॅनर बोलत नसेल अशा जुन्या गाडीला माझी एक युक्ती आहे. लॉकअप सोलेनॉइडच्या वायरीवरून एक पातळ वायर काढून आत डॅशबोर्डवर आणायची आणि तिला १२ व्होल्टचा छोटा एलईडी दिवा लावायचा. कॉम्प्युटर सोलेनॉइडला पॉझिटिव्ह देत असेल तर दिव्याचं दुसरं टोक अर्थला, अर्थ देत असेल तर पॉझिटिव्हला. वायरिंगचा नकाशा बघूनच लावा. बल्ब नको, तो जास्त करंट ओढतो. गाडी चालवा. दिवा लागला आणि काटा खाली आला नाही, तर मागणी आहे, पकड नाही. दिवा लागलाच नाही, तर मागणीच नाही. पन्नास रुपयांच्या सामानात अर्धं निदान होतं. जुन्या होंडांमध्ये तर डॅशबोर्डवरचा डी४ हा गिअरचा दिवाच मिचमिचून कोड सांगतो, नुसता मोजता आला पाहिजे.

मागणीच नसेल तर मी आधी ब्रेक पेडलखाली वाकतो. तिथे स्विच असतो आणि पेडलच्या पट्टीवर एक छोटं रबरी किंवा प्लॅस्टिकचं बटण. आपल्याकडे काचा बंद करून उन्हात उभी केलेली गाडी आतून भट्टी होते. दहा-बारा उन्हाळे काढल्यावर त्या बटणाचा भुगा होतो आणि स्विचला वाटतं पाय ब्रेकवरच आहे. मॅटवर प्लॅस्टिकचे तुकडे सापडले तर समजा. मागचे ब्रेक दिवे कायम जळतात, तेव्हा शेजारीच सांगतो. पण पुष्कळ गाड्यांत त्या स्विचमध्ये दोन वेगळी सर्किटं असतात, एक दिव्यासाठी आणि एक कॉम्प्युटरसाठी. दिवे अगदी नीट लागतात-विझतात आणि तरी कॉम्प्युटरला ब्रेक दाबलेलाच दिसतो. म्हणून स्कॅनरवर ब्रेकची नोंद बघायची, दिव्यावर विसंबायचं नाही.

दुसरी गोष्ट खास आपल्या नागपूरची, आणि इथे मी जरा जास्त बोलणार. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, नवतपा म्हणजे वर्षातले सगळ्यात कडक नऊ दिवस लागतात, गाडी तापली की मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून फेकतो. “आपल्याकडे काय गरज त्याची?” हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वादच घालत नाही. गाडी तापायची ती बोअरचं खारं पाणी रेडिएटरमध्ये भरून थर चढल्यामुळे, किंवा पंखा नीट फिरत नसल्यामुळे, आणि शिक्षा थर्मोस्टॅटला. त्याचं काम फक्त थंड करणं नव्हे, इंजिनला ८५-९५ अंशांच्या आसपास धरून ठेवणं आहे. तो काढला की हिवाळ्यात हायवेवर समोरून येणारा थंड वारा इंजिनला गरम होऊच देत नाही. आणि इंजिन ठरावीक तापमानाला पोचलं नाही तर कॉम्प्युटर लॉकअप देत नाही. काही गाड्या तर चौथा गिअरही रोखून धरतात.

मागे डिसेंबरात जरीपटक्याहून एक गाडी आली होती. दोन गॅरेजं फिरून झालेली, एका ठिकाणी सोलेनॉइडही बदललेला. मालकाची तक्रार विचित्र होती: शहरात लॉकअप लागतं, हायवेला लागत नाही. मी स्कॅनर लावून वर्धा रोडला बुटीबोरीपर्यंत गेलो. सिग्नलवर कूलंट ८० अंश, मोकळ्या रस्त्यावर उतरत उतरत ५८. थर्मोस्टॅटच्या जागी नुसतं भोक. थर्मोस्टॅट आणि ताजं कूलंट टाकलं आणि गाडी लॉक व्हायला लागली. शिवाय थंड इंजिनला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल देतो, त्यामुळे अ‍ॅव्हरेज दोन्हीकडून मार खात होतं. तुमच्या गाडीला कधी हा ‘उन्हाळी इलाज’ झालाय का, ते आठवा. आधीच्या मालकालाही विचारा.

थ्रॉटल किती उघडलाय हे कॉम्प्युटरला सांगणाऱ्या थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं थोडक्यात सांगतो. त्याचा आतला पट्टा झिजला की आकडा फडफडतो, कॉम्प्युटरला वाटतं ड्रायव्हर पाय हलवतोय, आणि लॉकअप लागतं-सुटतं, लागतं-सुटतं. गाडी झुलल्यासारखी वाटते. वेगाचा सेन्सर अधूनमधून गळपटला तरी तेच. आणि वायरिंगला उंदीर. घराजवळ मोकळा प्लॉट असेल तर गिअरबॉक्सवरची वायर हातानं चाचपून बघाच.

आता तुमच्या गाडीची थरथर. हाच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला आणि गॅरेजमध्ये कुणी त्याबद्दल विचारलं नाही. आधी थरथर, मग थरथर बंद आणि काटा वर, या क्रमातून दोन शक्यता निघतात. पहिली: प्लेट पकडताना घसरत होती, म्हणून रस्त्यावरच्या रम्बल पट्ट्यांवरून गेल्यासारखं दोन-चार सेकंद वाटायचं. कॉम्प्युटरनं ते घसरणं पाहिलं, कोड साठवला आणि प्लेट वाचवायला लॉकअपच बंद केलं. तसं असेल तर मेमरीत पी०७४१ सापडेल.

दुसरी शक्यता लोकांच्या ध्यानात येत नाही. थरथर कन्व्हर्टरची नव्हतीच, इंजिनच्या मिसफायरची, म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट न पेटण्याची होती. लॉक झाल्यावर ऑइलची गादी निघून जाते, आरपीएम कमी आणि लोड जास्त असतो, त्यामुळे प्लग किंवा कॉइलचा छोटासा दोषही सरळ सीटपर्यंत पोचतो. लॉकअप दुसऱ्याच कारणानं बंद पडलं की गादी परत येते आणि मिसफायर आत लपून बसतो. ताडून बघायला ओव्हरड्राइव्ह (चौथा गिअर) बंद करून तिसऱ्यात किंवा हातानं दुसऱ्यात ठेवा, आरपीएम कमी असताना हलक्या चढावर दाब द्या. तिथेही धक्के जाणवले तर आधी प्लग, कॉइल, इंजेक्टर बघा. प्लग कधी बदलले ते आठवत नसेल तर उत्तर तिथेच आहे. इंजिन माउंट फाटलेलं असेल तर साधी कंपनंही मोठी वाटतात, तेही बघून घ्या.

ऑइलकडे वळू. गिअरबॉक्सचं ऑइल मोजायची काडी काढून पांढऱ्या कागदावर थेंब टाका. लालसर आणि पारदर्शक, तर छान. तपकिरी म्हणजे म्हातारं. काळं आणि करपलेला वास, तर क्लच जळतायत. गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी जागेवर बंद करा. रेडिएटरच्या आतला ऑइल कूलर फुटून पाणी मिसळलंय, आणि पाण्यानं प्लेटचं अस्तर सुटून येतं. पातळी बहुतेक गाड्यांत इंजिन गरम आणि चालू ठेवून बघतात, होंडात इंजिन बंद केल्यावर लगेच. मॅन्युअल बघा, अंदाजानं नको.

आणि ऑइल कोणतं पडलंय? लॉकअपची प्लेट ऑइलच्या घर्षणावर जगते. ह्युंदाईच्या जुन्या चार गिअरला एसपी-३ लागतं, टोयोटाला टी-४ किंवा डब्ल्यूएस, होंडाला त्यांचं झेड-१ किंवा नंतर आलेलं डीडब्ल्यू-१. आपल्याकडे सगळ्यांना एकच लाल डबा, पॉवर स्टिअरिंगलाही तोच. चुकीच्या ऑइलनं थरथर सुरू होते आणि लोक कन्व्हर्टर बदलतात. बरं, एकदा ड्रेन केल्यावर निम्म्यापेक्षा जास्त जुनं ऑइल कन्व्हर्टरमध्येच राहतं. म्हणून मी शंभर-दोनशे किलोमीटरच्या अंतरानं दोन-तीनदा ड्रेन करून भरतो. मशीन लावून जोरात फ्लश करणं मला जुन्या गाडीत पटत नाही. “ऑइल बदललं नि गिअरबॉक्स गेला” हे जे ऐकू येतं, त्यातले बरेच गिअरबॉक्स आधीच जायला टेकलेले असतात. ऑइलचं निमित्त होतं. पण थरथर नुकती सुरू झाली असेल तर योग्य ऑइलनं ती गेलेली मी पाहिली आहे. प्लेट झिजून गेल्यावर मात्र कुठलंही ऑइल काही करत नाही. बाटलीतली जादूची औषधं तर सोडाच.

कॉम्प्युटर मागतोय, ऑइल बरोबर आहे, तरी पकड नाही, असं ठरलं की सोलेनॉइड. साध्या चालू-बंद पद्धतीच्या सोलेनॉइडचा रोध बहुधा १० ते २५ ओहमच्या मध्ये येतो, पण खरा आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच. गार असताना मोजून समाधान मानू नका, तापल्यावर गुंडाळी तुटणारे सोलेनॉइड खूप भेटतात. टक्क्यांवर चालणाऱ्या सोलेनॉइडला बॅटरीचे १२ व्होल्ट थेट देऊ नका, जळेल. काही जुन्या होंडांमध्ये हे सोलेनॉइड केसिंगच्या बाहेरच बोल्टनं लावलेले आहेत, मागे बारीक जाळी असते. जाळी साफ करून गॅस्केट बदलायला गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही.

एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो: सकाळी निघाल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं लॉकअप लागतं आणि मग सुटतं, असं होतं का? उत्तर हो असेल तर ऑइल पातळ झाल्यावर दाब कुठूनतरी गळतोय. व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑइलचे व्हॉल्व्ह बसवलेल्या ठोकळ्याच्या, अ‍ॅल्युमिनियममध्ये लॉकअपचा व्हॉल्व्ह घासून घासून भोक मोठं होतं, किंवा शाफ्टवरचं सील कडक होतं. अशा गाडीत नुसता नवा कन्व्हर्टर टाकलात तर कमी दाबावर तोही घसरेल आणि वर्षभरात जळेल.

लॉक सुटतच नाही, हा उलटा आजार तुम्हाला नाही, म्हणून एवढंच: सिग्नलला थांबताना डीमध्ये इंजिन झटका देऊन बंद पडतं, क्लच न दाबता थांबल्यासारखं. सोलेनॉइडचा कनेक्टर काढल्यावर हे थांबलं तर दोष विजेचा, नाही तर आत काहीतरी अडकलंय. त्याआधी थ्रॉटल बॉडी साफ करून बघा.

तुमच्या गॅरेजवाल्यानं स्टॉल टेस्ट केली असेल, म्हणजे ब्रेक दाबून डीमध्ये पूर्ण रेस, तर त्यावरून लॉकअपबद्दल काहीच कळत नाही. गाडी उभी असताना लॉकअप लागतच नाही. ती परीक्षा स्टेटरची आणि आतल्या क्लचची. जुन्या गाडीला पाच सेकंदांच्या वर ती केली तर नवीनच दुखणं उभं राहतं. तुम्ही घरी करू नका.

एवढं सगळं करून कन्व्हर्टरच दोषी निघाला, तर मग उतरवा, पण तीन गोष्टी लिहून घ्या. व्हॉल्व्ह बॉडी त्याच वेळी उघडून तपासायची. ऑइल कूलर आणि त्याच्या लाइन धुवायच्या किंवा बदलायच्या, नाही तर जुन्या प्लेटचा चुरा नव्या कन्व्हर्टरमध्ये जातो. आणि नवा कन्व्हर्टर ऑइल भरून, फिरवत फिरवत, टप्प्याटप्प्यानं पूर्ण आत बसला की नाही ते इंजिनला बोल्ट आवळण्यापूर्वी मोजायचं. अर्धवट बसलेला असताना बोल्टनं ओढून घेतला तर पंप फुटतो आणि खर्च दुप्पट होतो.

तोवर गाडी चालवायला हरकत नाही. लॉकअपशिवाय गिअरबॉक्स लगेच मरत नाही, पण ऑइल जास्त तापतं. उन्हाळ्यात दुपारी समृद्धीवर सलग तीन-चार तास १०० च्या वर पळवू नका, आणि ऑइलची काडी आठवड्याला एकदा बघा. सुरुवात ब्रेक पेडलखालच्या बटणापासून आणि थर्मोस्टॅटपासून करा. मग स्कॅनरचे ते दोन आकडे, हुकूम आणि फरक, ८० च्या वेगाला घेतलेले कागदावर लिहून कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.